गोव्याच्या हवेत ग्राफिक्स कार्डसाठी रेडिएटर केवढा घ्यावा

"आरटीएक्स ४०९० घेतलंय, ३६०चा रेडिएटर पुरेल ना?" हा प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच. म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड करायचं, तर ते तापलेलं पाणी पंख्यांच्या हवेने गार करणारा रेडिएटर १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांएवढा (म्हणजे ३६०चा) पुरेल का. समोरच्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी उलट विचारत बसतो: मशीन कुठल्या खोलीत ठेवलंय? वर स्लॅब आहे की कौलं? रात्री एसी चालू असतो की दार लोटून पंख्यावर भागवता? पंख्यांचा आवाज किती चालेल? ही उत्तरं मिळाल्याशिवाय रेडिएटरचं माप सांगताच येत नाही, कारण तो फक्त कार्डाच्या वॅटवरून ठरत नाही. कार्डाचे वॅट, खोलीतली हवा आणि पंख्यांचा वेग या तिघांचा मेळ बसवून तो काढावा लागतो.

हे मी चुकून शिकलो. मी घरांच्या आतल्या सजावटीची थ्रीडी रेंडर करतो आणि काम घरूनच चालतं, फोंड्यात, दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली. पहिलं वॉटर लूप, म्हणजे पंप, ट्यूब, चिपची उष्णता पाण्यात घेणारा धातूचा ब्लॉक, टाकी आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणारी साखळी, बांधलं तेव्हा कार्ड होतं आरटीएक्स ३०९०, म्हणजे ३५० वॅट. लूपमध्ये प्रोसेसरही जोडला होता. सामान जिथून घेतलं तिथे सांगितलं गेलं की २४०चा रेडिएटर भरपूर आहे. डिसेंबरात बसवलं आणि खरंच छान चाललं. मग मे उजाडला. एका रात्री मोठं काम लावून झोपलो आणि दीडच्या सुमाराला पंख्यांच्या आवाजाने जाग आली. खोलीतलं थर्मामीटर ३४ दाखवत होतं, टाकीतला सेन्सर ५२. ब्लॉकमधून निघणारी ट्यूब चिमटीत धरली तर एरवीपेक्षा सहज दबत होती, आणि फिटिंगच्या कॉलरखाली पाण्याचा एक थेंब जमलेला. तो थेंब खाली कार्डावर पडायच्या आत मशीन बंद केलं. त्यानंतर मी हिशोब केल्याशिवाय कोणालाही रेडिएटर सुचवत नाही. तोच हिशोब इथे पायरीपायरीने मांडतो.

पायरी १ : लूपमध्ये किती वॅट जाणार ते मोजा

कार्डाने खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते. ४५० वॅट आत गेले तर ४५० वॅट बाहेर काढावे लागतात, त्यात सूट नाही. एनव्हिडियाने जाहीर केलेले आकडे असे: ३०९० ला ३५० वॅट, ४०८० ला ३२०, ४०९० ला ४५० आणि २०२५च्या जानेवारीत आलेल्या ५०९० ला ५७५. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स ३५५ वॅटचं. कंपनीने मूळचंच ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे वेग वाढवून दिलेलं कार्ड याहून जास्त ओढतं, म्हणून खोक्यावरच्या आकड्यावर न थांबता आपल्या नेहमीच्या कामात कार्ड खरोखर किती खातं ते बघा. वॅट दाखवणारा जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम चालू ठेवायचा, अर्धा तास गेम किंवा रेंडर चालवायचं आणि सरासरी वॅट टिपून ठेवायचे.

प्रोसेसरच्या बाबतीत उलटी चूक होते. इंटेल १४९००के २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो म्हणून लोक तेवढे सगळे धरतात. पण गेम खेळताना किंवा कार्डावर रेंडर करताना प्रोसेसर सहसा त्याच्या निम्म्यावरही नसतो. तुमच्या कामात दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताणले जात असतील तरच दोन्हींची कमाल बेरीज करा. मी बहुतेकांसाठी प्रोसेसरचे १०० वॅट धरतो. पंपाचे २० वॅट मिळवायला विसरू नका, तेही पाण्यातच जातात.

४०९० साठी: ४५० अधिक १०० अधिक २०, म्हणजे ५७० वॅट. हा आकडा पुढे सगळीकडे लागेल.

पायरी २ : खोलीची हवा मोजा, हवामानाचा अंदाज नको

मोबाईलवर पणजीचं तापमान ३२ दिसतं. ते बाहेरचं, सावलीतलं. रेडिएटर जी हवा ओढतो ती तुमच्या टेबलाखालची असते. साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथे टेकवा, मशीनवर पूर्ण भार टाका आणि तासाभराने आकडा वाचा. तासभर थांबणं गरजेचं आहे, कारण मशीन स्वतःच खोली तापवतं. सहाशे वॅट म्हणजे लहान हीटरच. दार बंद असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो तासभर चालला की काय होतं ते अंगाला कळतंच.

घराघरांत बराच फरक पडतो. जाड चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचं जुनं घर दुपारीही सोसण्यासारखं असतं, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. गच्चीखालचा स्लॅब मात्र दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि रात्री नऊ-दहा वाजता, नेमकं आपण मशीनवर बसतो तेव्हा, खाली सोडत राहतो. माझ्या खोलीत मे महिन्यात रात्रीही ३३-३४ असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण गोव्यात तो सगळीकडे ऐकू येतो: "आपल्याकडे दमट हवा, म्हणून कूलिंग नीट होत नाही." आपल्या अंगाच्या बाबतीत ते खरं आहे. घाम सुकत नाही, म्हणून जीव कासावीस होतो. रेडिएटरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं कोरडं तापमान कळतं. ३२ अंशांची दमट हवा आणि ३२ अंशांची कोरडी हवा त्याच्या लेखी जवळजवळ सारखीच. नागपूरला मे महिन्यात ४५ होतं, आपल्याकडे समुद्रामुळे सहसा ३३-३४ वर थांबतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपला रेडिएटर नागपूरकरांच्या रेडिएटरपेक्षा सुखात असतो. फरक पडतो तो वर्षभराच्या पसाऱ्यात. त्यांना डिसेंबरात दहा-बारा अंशांच्या रात्री मिळतात, आपल्याला तसा हंगामच नाही. जवळजवळ बाराही महिने खोली २७ ते ३४ मध्ये फिरते. त्यामुळे "थोडे दिवस काढू, मग थंडी आहेच" हा विचार इथे उपयोगाचा नाही.

एसी असेल तरी हिशोब एसी बंद धरूनच करा. रात्रभर रेंडर लावून आपण दुसऱ्या खोलीत झोपतो, एसी बंद करतो. पावसाळ्यात वीज गेली आणि आली की इन्व्हर्टरवरचं मशीन चालूच असतं, एसी मात्र कोणीतरी रिमोट दाबेपर्यंत बंदच राहू शकतो. शिवाय एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. तुमचं सहाशे-सातशे वॅटचं मशीन त्यातला पाचवा हिस्सा एकटंच खातं.

पायरी ३ : पाणी किती तापू द्यायचं ते ठरवा

लोक कार्डाच्या चिपचं तापमान बघतात आणि ६० अंश दिसलं की खूश होतात. चिपला खरं तर भरपूर वाव असतो. ४०९० ची मर्यादा एनव्हिडियाने ९० अंश दिली आहे. चांगला ब्लॉक आणि चिप-ब्लॉकच्या मध्ये नीट लावलेली पेस्ट असेल तर पूर्ण भारावर चिप पाण्यापेक्षा साधारण १५ अंश वर असते. म्हणजे पाणी ५० झालं तरी चिप ६५ वरच, तिला काही फरक पडत नाही.

अडचण पाण्याची आणि ते जिथून जातं त्या वस्तूंची आहे. डी-५ जातीच्या पंपाला पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश आहे. पेटजी या प्लास्टिकच्या कडक ट्यूब साठच्या आसपास मऊ पडू लागतात आणि फिटिंगमधून निसटण्याचा धोका वाढतो. मऊ ट्यूबही गरम पाण्यात ढिली होते, ते मी वर सांगितलंच. म्हणून मी मर्यादा ४५ ठेवतो. वर दहा-पंधरा अंशांची गादी हवी, कारण कधी पंखा बंद पडतो, कधी फिल्टर तुंबतो, कधी कोणी कपाटाचं दार लावून टाकतं.

आता वजाबाकी. पाणी ४५, खोली ३३. उरले १२ अंश. पाणी आणि हवेतला हा फरकच सगळ्या हिशोबाचा कणा आहे, कारण रेडिएटर किती उष्णता टाकतो ते या फरकाच्या सरळ प्रमाणात असतं. फरक दुप्पट झाला की टाकलेले वॅट दुप्पट. इंटरनेटवर वाचलेले बरेच हिशोब २० ते २२ अंशांच्या खोलीत बसून केलेले असतात. त्यांना २३-२५ अंश मोकळे मिळतात, आपल्याला बारा. तिथल्या माणसाला पुरणारा रेडिएटर आपल्याला निम्म्यानेच पुरतो, तो यामुळे.

पायरी ४ : खण मोजा

माझ्या डोक्यात रेडिएटर म्हणजे खणांची रांग. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याखालचा भाग म्हणजे एक खण. २४० म्हणजे दोन खण, ३६० म्हणजे तीन, ४८० म्हणजे चार. साधारण ३० मिलिमीटर जाडीचा तांब्याचा रेडिएटर आणि त्यावर दाब देणारा बरा पंखा असेल, तर एक खण प्रत्येक अंश फरकामागे किती वॅट टाकतो याचे माझे कामचलाऊ आकडे असे आहेत: पंखा १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे) असताना ७ वॅट, १३०० वर ९ वॅट आणि १८०० वर १२ वॅट. रेडिएटर-पंख्याच्या जोडीनुसार हे थोडे वरखाली होतात, पण माप ठरवायला पुरेसे आहेत.

आवाजाचं म्हणाल तर १००० वर मशीन टेबलाखाली असल्यास जवळजवळ जाणवत नाही. १३०० वर छताच्या पंख्यात मिसळून जातं. १८०० वर तुम्हाला हेडफोन घालावासा वाटतो आणि शेजारच्या खोलीतलं माणूस विचारतं की काय चाललंय.

५७० वॅटला १२ ने भागा: ४७.५. म्हणजे लूपला प्रत्येक अंशामागे ४७.५ वॅट टाकता यायला हवेत. १००० आरपीएमवर त्यासाठी जवळजवळ सात खण लागतात, १३०० वर सव्वापाच, १८०० वर चार.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. एकटा ३६० म्हणजे तीन खण. १३०० आरपीएमवर तीन खण अंशामागे २७ वॅट टाकतात. ५७० भागिले २७ म्हणजे २१ अंश फरक, आणि ३३ च्या खोलीत पाणी ५४ वर. पंखे १८०० वर सोडले तरी पाणी ४९. चालेल, पण ओरडत चालेल आणि गादी उरणार नाही. त्याऐवजी ३६० आणि २४० असे दोन घेतले, म्हणजे पाच खण, तर १३०० वर फरक साडेबारा आणि पाणी पंचेचाळीसच्या किंचित वर. दोन ३६० घेतले तर त्याच वेगात पाणी ४४ च्याही खाली राहतं. हे दोन ३६० मला ४०९० साठी गोव्यातलं योग्य उत्तर वाटतं.

माझ्या जुन्या २४० लाही हेच लावून पाहा. कार्डाचे ३५० आणि प्रोसेसर-पंपाचे मिळून १००, म्हणजे ४५० वॅट, दोन खण, पंखे १८०० वर: अंशामागे २४ वॅट, फरक पावणेएकोणीस. खोली ३४. सेन्सरवरचे ते ५२ अंश कुठून आले ते कागदावर आधीच दिसलं असतं.

५०९० साठी ५७५ अधिक १२० म्हणजे ६९५ वॅट. बाराने भागले की ५८. १३०० आरपीएमवर साडेसहा खण, १००० वर आठाहून थोडे जास्त. दोन ३६० काठावर पुरतात. मी ४८० आणि ३६० सांगेन, कॅबिनेटमध्ये मावत असतील तर.

रेंडरसाठी दोन ३०९० लावणारे माझ्या ओळखीत आहेत. ७०० वॅट कार्डांचे, प्रोसेसर १५०, पंप २०, एकूण ८७०. बाराने भागून साडेबहात्तर. १३०० वरही आठ खण. हे कॅबिनेटच्या आत बसवण्याच्या भानगडीत पडू नका, बाहेर ठेवायचा मोठा रेडिएटर घ्या. वॉटरकूल कंपनीच्या मो-रा ३ मालिकेतल्या ४२० वर १४० मिलिमीटरचे नऊ पंखे बसतात. खणांच्या भाषेत ते बाराहून जास्त झाले, आणि पंखे हजारच्या खाली ठेवूनही काम भागतं.

१४० च्या पंख्यांचा हिशोब असा: १४० गुणिले १४० आणि १२० गुणिले १२० यांत १.३६ पट फरक आहे. म्हणून २८० म्हणजे २.७ खण, जवळजवळ ३६० च्या बरोबरीचा. आणि ४२० म्हणजे चार खण, ४८० एवढाच. कॅबिनेटमध्ये ४८० मावत नसेल तर ४२० मावतो का ते बघा. बरेच जण हे बघतच नाहीत.

जाडीबद्दल थोडक्यात. ६० मिलिमीटरचा जाड रेडिएटर ३० च्या दुप्पट काम करत नाही. कमी वेगाच्या पंख्यांना त्याच्या आरपार हवा ढकलणं जड जातं आणि फायदा बेताचाच होतो. जाडी वाढवण्यापेक्षा आणखी एक खण मिळत असेल तर तो घ्या. फिन, म्हणजे रेडिएटरमधल्या धातूच्या पातळ पट्ट्या, त्याही फार दाट नकोत. दाट फिनला जोरदार पंखे लागतात आणि आपल्याकडची धूळ त्यात लवकर बसते.

पायरी ५ : वॅट कमी करता येतात का ते आधी बघा

हे खरं तर पहिल्या पायरीतच सांगायला हवं होतं, पण वरचा हिशोब कळल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही.

माझा मावसभाऊ म्हापशाला असतो. त्याच्याकडे ४०९० आणि मधल्या आकाराचं कॅबिनेट. वर ३६० मावत होता, पुढे २४०, त्याहून जास्त काही नाही. "दादा, नवं कॅबिनेटच घेऊ का?" असं तो विचारत होता. मी म्हटलं, थांब, आधी पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने कमाल किती वॅट ओढायचे ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आण आणि तुझा गेम चालवून बघ. सत्तर टक्के म्हणजे ३१५ वॅट. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स थोड्याच टक्क्यांनी घटल्या. खेळताना ते त्याच्या लक्षातही आलं नाही, आकडे बघितल्यावर कळलं. ४०९० ला शेवटचे शंभर-सव्वाशे वॅट अगदी थोड्या वेगासाठी खर्च होतात. लूपमधले वॅट ५७० वरून ४३५ वर आले. बाराने भागून ३६. त्याच पाच खणांत पंखे आता हजाराच्या आसपास फिरतात. नव्या कॅबिनेटचे पैसे वाचले आणि खोलीही कमी तापते.

कार्डाकडून शेवटचा थेंब काढायचाच असेल तर मोठे रेडिएटर घ्या, त्यात काही गैर नाही. पण निर्णय ठरवून घ्या, मग माप काढा.

पायरी ६ : कॅबिनेटमधली हवा

कागदावर सहा खण असले तरी कॅबिनेटमध्ये ते सहा खणांचं काम करतीलच असं नाही. नेहमीची मांडणी अशी: पुढचा ३६० बाहेरची हवा आत ओढतो, वरचा ३६० आतली हवा बाहेर टाकतो. पुढच्या रेडिएटरमधून आलेली हवा किती तापलेली असते ते बघू. १३०० आरपीएमवर रेडिएटरच्या आरपार एका पंख्याची साधारण २५ घनफूट हवा दर मिनिटाला जाते, तीन पंख्यांची ७५. एवढी हवा प्रत्येक अंशामागे सुमारे ४१ वॅट वाहून नेते. पुढच्या रेडिएटरने निम्मे, म्हणजे २८५ वॅट टाकले, तर हवा सात अंश तापून आत येते. वरच्या रेडिएटरला मग ३३ ची हवा न मिळता ४० ची मिळते, आणि पाणी तर ४५ चं. त्याच्या वाट्याला बारा अंशांपैकी पाचच उरले.

यावर उपाय आहेत. दोन्ही रेडिएटर बाहेरचीच हवा ओढतील असे लावा आणि गरम हवा मागच्या व खालच्या जाळीतून निघू द्या. किंवा पुढे साधे पंखे ठेवून रेडिएटर वर आणि बाजूला, बाहेर टाकणारे लावा. आतली इतर उष्णता, म्हणजे मदरबोर्ड, एसएसडी आणि पॉवर सप्लायची, ब्लॉकवरच्या कार्डाच्या मानाने थोडी असते, त्यामुळे पहिला उपाय बहुतेक वेळा चांगला ठरतो. पुढे काच असलेलं, बाजूच्या फटींतून श्वास घेणारं कॅबिनेट मात्र मोठ्या कार्डासाठी घेऊ नका. जाळीचंच घ्या.

मापं घेताना टेप हातात धरा. ३६० चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून बहुतेक ३९० ते ४०० भरतो. जाडी ३० असेल तर त्यात पंख्याचे २५ मिळवा, ५५ झाले. वर बसवायचा असेल तर मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत आणि रॅमच्या उंचीपर्यंत एवढी जागा मोकळी आहे का ते बघा. फिटिंगसाठी आणि ट्यूबच्या वळणासाठी आणखी बोटभर.

लूपमध्ये आधी कार्ड की आधी रेडिएटर, यावर वाद घालू नका. पंप मिनिटाला तीन लिटर पाणी फिरवत असेल तर ५७० वॅटमुळे सगळ्या लूपमध्ये पाणी तीन अंशही तापत नाही. ट्यूब सुबक जाईल त्या क्रमाने जोडा.

पायरी ७ : खारी हवा, तांबडी धूळ आणि पाणी

हा भाग मी मनापासून सांगतो, कारण बाहेरचे लेख वाचून तो कळत नाही.

मिरामारला राहणाऱ्या एका मित्राचा रेडिएटर दोन वर्षांनी उतरवला. पंखे काढले तेव्हा फिनांच्या कडांवर पांढरट मीठ आणि रंग उडालेल्या जागी हिरवट कळंक दिसला. खिडकी समुद्राकडे आणि मशीन खिडकीखाली. मिठाच्या थराला ओल लागली की फिनमधली वाट अरुंद होते, आणि पाणी वर्षागणिक एक-दोन अंश जास्त तापू लागतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी म्हणूनच एक खण जास्त घ्यावा आणि मशीन खिडकीपासून दूर ठेवावं. डिचोली, सांगे किंवा कच्च्या रस्त्यालगत असाल तर तांबडी धूळ हा तुमचा शत्रू. बारीक जाळीचा फिल्टर लावा आणि तो दर पंधरा दिवसांनी धुवा. फिल्टर हवेला अडवतो, म्हणून तिथेही एक खण जास्तच धरा.

रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. तयार एआयओ कूलरमधले (पंप, ब्लॉक आणि रेडिएटर जोडूनच येणाऱ्या संचातले) रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. तो काढून तांब्याच्या ब्लॉकशी जोडला तर एकाच पाण्यात दोन धातू आल्यामुळे ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो.

नवा रेडिएटर बसवण्याआधी गरम पाणी भरून जोरात हलवा आणि ओता. आत डाखकामाचा कचरा उरलेला असतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत करत राहा, शेवटची धुणावळ डिस्टिल्ड पाण्याची. लूपमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी कधीच घालू नका. गॅरेजच्या सामानाच्या दुकानात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, ते चालतं. फक्त लेबल नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक घाला. आपल्या उबेत नुसतं पाणी लवकर हिरवं पडतं.

दव पडण्याची भीती पुष्कळांना असते. साधा रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, म्हणून त्यावर दव धरत नाही. फ्रिजसारखं पाणी गार करणारा चिलर लावायचा किंवा टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडायच्या असं मनात असेल तर सावध राहा. जुलैत पणजीच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याखालचं पाणी फिरलं की ब्लॉक बाहेरून ओला होणार, आणि तो थेंब सरळ कार्डावर.

पायरी ८ : चालवून खात्री करा

लूपमध्ये पाण्याचा सेन्सर हवाच. जी-१/४ थ्रेडचा (लूपच्या भोकांना असतो तोच आटा) सेन्सर असलेला प्लग स्वस्त असतो, तो रेडिएटरच्या मोकळ्या भोकात बसतो आणि मदरबोर्डवर सेन्सरसाठी दोन पिना असतील तर त्यांना जोडता येतो. पंख्यांचा वेग चिपऐवजी पाण्याच्या तापमानावर बांधा, नाहीतर चिप क्षणाक्षणाला उडी मारते आणि पंखे तिच्यामागे धावत सुटतात. मी ३६ अंशांखाली ७०० आरपीएम ठेवतो आणि ४५ ला १३०० होईल अशी चढती रेघ काढतो.

मग नेहमीचं जड काम लावा, खोलीचं दार रोज असतं तसंच ठेवा आणि दर दहा मिनिटांनी दोन आकडे लिहा: पाणी आणि टेबलाखालची हवा. पाणी वीस-पंचवीस मिनिटांत स्थिरावल्यासारखं वाटतं, पण खोली तापत राहते तसं तेही हळूहळू चढतं. दीड तास लिहीत राहा.

दोन आकड्यांतला फरक बारा-तेरावर थांबला तर माप जमलं. जास्त असेल तर लगेच नवा रेडिएटर मागवू नका. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून वीस मिनिटं चालवा. फरक तीन-चार अंशांनी उतरला तर रेडिएटर पुरेसा आहे, त्याला ताजी हवा मिळत नाही, मांडणी बदला. पट्टी परत लावा आणि खोलीचं दार-खिडकी उघडा. पाणी आणि हवा दोन्ही सारखेच उतरले, फरक तेवढाच राहिला, तर दोष खोलीचा. एक्झॉस्ट पंखा बसवलात तर त्यानेच काम होईल, रेडिएटरवर खर्च करायची गरज नाही. दोन्ही करून फरक हलतच नसेल, पंखे ठरलेल्या वेगाने फिरत असतील आणि फिन स्वच्छ असतील, तर खणच कमी पडतायत. तेव्हा मोजलेले वॅट घ्या, चौथ्या पायरीवर परत जा आणि किती खण वाढवायचे ते काढा.